माथ्यावर देवाचे नाव, तळाशी माझी सही

८ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

धाकटीचा खटला हरलो. हरलो म्हणणेही चूक. न्यायाधीशाला तो झेपला नाही. वय पस्तीसच्या आत. माझा युक्तिवाद दोन दिवस चालला. आश्रय या संकल्पनेचे मूळ धर्मविचारात कोठे सापडते, एवढे सांगण्यातच पहिल्या दिवशीची दुपार झाली. त्या अवधीत या गृहस्थाने सात वेळा घड्याळ पाहिले. मी मोजले.

निकाल ५ तारखेचा. अपिलाला तीस दिवस, म्हणजे ७ मार्चपर्यंत. तोवर अपील झाले नाही, तर माझ्या सख्ख्या बहिणीने चौतीस वर्षांची राहती खोली रिकामी करायची आणि मालक तिथे गाड्या उभ्या करणार. तळमजल्याची एक खोली, रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीशी तिचे शिलाई मशीन. तिचा सगळा संसार एवढाच.

संकल्प : अपील मीच लिहीन, मीच दाखल करीन. एकावन्न वर्षांच्या वकिलीत कुबडी घेतली नाही, आता घेणार नाही.

९ फेब्रुवारी, दुपारी ३

न्यायालयात खिडकीवर नवा कारकून. जाड चष्मा. त्याला यापुढे चष्मिस म्हणेन. विचारले, अपील कोणत्या खिडकीवर द्यायचे? म्हणाला, काका, खिडकी बंद झाली, जानेवारीपासून सगळं ऑनलाइन. सहीपण डिजिटल. कागद घेऊन आलात तर मी नुसता नमस्कार करू शकतो.

नमस्कार केलाही. उद्धटपणाचा हा नवा प्रकार.

मालकाचा वकील तिथेच उभा होता. याच्या जिभेवर नेहमी मध, म्हणून आम्ही त्याला मधाचे बोट म्हणतो. म्हणाला, सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून तर आम्हाला काही चिंता नाही.

घरी येताना या वाक्यावर विचार केला. स्तुतीच असावी.

१० फेब्रुवारी

मुख्य न्यायाधीशांना निषेधाचे पत्र. सात पाने. मुद्दा असा : सही ही मनुष्याच्या प्राणाची रेषा आहे, तिला यंत्रात कोंडणे म्हणजे देह सोडून केवळ छाया साक्षीला बोलावणे. वाचताना मलाच गहिवरून आले.

पत्र हाताने नेऊन दिले. शिपायाने परत आणून दिले. म्हणाला, ईमेल करा.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११

सहीचे टोकन घेतले. अंगठ्याएवढे. संगणकाच्या कुशीत खुपसायचे, पिन टाकायचा, की सही. आयुष्यभराचे अक्षर या बोटभर प्लास्टिकात!

सूनबाई म्हणाली, बाबा, मी बसवून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे.

सूनबाई वकील आहे. निदान तसे प्रमाणपत्र आहे. दोन वर्षे माझ्याच कार्यालयात मागच्या खोलीत बसते. मी तिच्यावर झेरॉक्स आणि तारखा सोपवल्या आहेत. त्या ती बऱ्या सांभाळते. तिला सांगितले, जे पाच मिनिटांत होते ते पाच मिनिटेच टिकते.

स्वतः बसवले. चार तास.

१६ फेब्रुवारी, सायंकाळी ५

अपील पूर्ण. एक्केचाळीस पाने. पहिली अकरा केवळ भूमिका. सूनबाईने विचारले, बाबा, निकालाला स्थगिती कुठे मागितली आहे? म्हटले, सदतिसाव्या पानावर. तिथवर पोहोचेल तोच ती देण्यास पात्र.

टोकन. पिन. सही झाली. कोपऱ्यात चौकट, तीत माझे नाव, वेळ, हिरवी खूण. मान्य करतो, क्षणभर बरे वाटले.

आता नियम. माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी घालून दिलेला : कागदावर आधी आपली सही करावी, मग माथ्यावर देवाचे नाव लिहावे. सही म्हणजे अहंकार. कागदावरची शेवटची रेघ अहंकाराची असू नये. एकावन्न वर्षांत हा क्रम एकदाही मोडलेला नाही.

म्हणून सही केलेले अपील छापले, माथ्यावर शाईने नाव लिहिले, पुन्हा स्कॅन केले, अपलोड केले. ही दारातून म्हणाली, अहो, झालं का तुमचं एकदाचं? म्हटले, झाले. आता वाजवा टाळ्या.

तिने नाही वाजवल्या.

१७ फेब्रुवारी

परत आले. शेरा : ‘दस्तऐवजावर सही आढळली नाही.’

आढळली नाही! एक्केचाळिसाव्या पानावर ठसठशीत. चष्मिसला फोन. म्हणाला, काका, तुम्ही स्कॅन केलं ना? ते सहीचं चित्र झालं, सही नाही राहिली. भिंतीवर आजोबांचा फोटो असतो ना, तसं. दिसतात, पण काही विचारलं तर बोलत नाहीत.

दाखला बरा होता. त्यामुळे अधिकच राग आला.

धाकटी सायंकाळी आली. दादा, मशीन बांधून ठेवू का? म्हटले, खुळी आहेस का! माझ्या हयातीत तुझ्या सुईलाही कोणी हात लावणार नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी १

संगणकात एक सोय सापडली. कागद न छापता, पडद्यावरच वर काहीही टाइप करता येते. शत्रूच्या तटबंदीत खिंड! सही झालेल्या अपिलाच्या माथ्यावर टपोऱ्या अक्षरांत देवाचे नाव. अपलोड.

या वयात मी हे शिकलो, याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी. येथे घेतो.

१९ फेब्रुवारी

परत. ‘सहीनंतर दस्तऐवजात बदल करण्यात आला आहे. सही अवैध.’ हिरव्या खुणेच्या जागी लाल फुली.

प्रत्यक्ष न्यायालयात गेलो. चष्मिसला विचारले, देवाचे नाव घातल्याने सही अवैध ठरते, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? म्हणाला, काका, देवाचं नाही, कोणाचंही. सही झाली की पाकीट बंद. नंतर नुसता एक ठिपका टाका, ते ओरडणार. मागे उभा असलेला एक तरुण वकील हसला. त्याच्याकडे असे पाहिले की त्याने मोबाइल काढला.

हे यंत्र नास्तिक आहे. ठिपका आणि ईश्वर यांत त्याला भेद नाही.

सूनबाई म्हणाली, बाबा, सोपं आहे, आधी देवाचं नाव लिहा, मग सही करा. ही म्हणाली, देवाला काय, आधी काय नि मागून काय. धाकटी म्हणाली, दादा, देव रागवायचा नाही रे, मालक रागवेल.

तिघींना एकाच वेळी उत्तर दिले : उद्या म्हणाल, आधी वरात काढा, मग लग्न ठरवा.

रात्री जेवलो नाही. कोणी फारसा आग्रह केला नाही.

२० फेब्रुवारी, सकाळी १०

संतापाच्या भरात पिन चुकला. पुन्हा चुकला. बोटे जाड, कळा बारीक. पाचव्या वेळी टोकनच बंद पडले. पडद्यावर लिहून आले, टोकन लॉक झाले आहे, पुरवठादाराशी संपर्क साधावा.

संपर्क साधला. तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, तीन दिवस लागतील. मी सांगितले, माझ्या बहिणीचे घर जाण्याच्या बेतात आहे. ती म्हणाली, हो का? मग चार लागतील असं सांगते, म्हणजे तिसऱ्या दिवशी आलं की बरं वाटेल.

ही पिढी दयाळूपणासुद्धा उर्मटपणे करते.

२३ फेब्रुवारी, सकाळी ११

तिसऱ्या दिवशीच आले. बरे वाटले, पण सांगितले नाही.

सूनबाई आणि धाकटी दोघी एकदम माझ्या टेबलाशी. धाकटीचे डोळे लाल. म्हणाली, दादा, तू माझ्यासाठी किती करतोस ते मला कळतं. पण माझी झोप उडाली आहे रे. सूनबाईने पडद्यावर एक पानी कागद उघडला. म्हणाली, बाबा, आधी हा वाचा, आणि पटलं तरच सही करा.

म्हणजे टोकन चालते की नाही याचा सराव. कल्पना वाईट नव्हती. माझीच असती तर चांगली म्हटली असती.

ती कागद वाचून दाखवू लागली. पहिले वाक्य पुरे होण्याआधीच मी हात वर केला. सरावाच्या कागदाचे पारायण कशाला? ती म्हणाली, हा सराव नाही बाबा, खरा कागद आहे. तिला सगळेच खरे वाटते, अनुभव कमी. धाकटी म्हणाली, दादा, एकदा वाच रे, माझी शपथ. म्हटले, एकावन्न वर्षांत न वाचता कशावर सही केलेली नाही, तेव्हा एक सराव माझ्या खाती माफ आहे.

पिन बरोबर. सही झाली. माथ्यावर देवाचे नाव घातले नाही. सरावाच्या चिटोऱ्यावर त्याला कशाला राबवायचे? हिरवी खूण आली आणि राहिली! पाच मिनिटे पाहत होतो, हलली नाही.

धाकटी रडू लागली. पदराने डोळे पुसत माझ्या पाया पडली. भावाचा अभिमान वाटला असणार. सूनबाईही हळवी झाली. म्हणाली, बाबा, थँक यू, मला वाटलं नव्हतं तुम्ही इतक्या सहज कराल. मी म्हटले, अग, त्यात काय. माझ्या हातचा मळ.

२५ फेब्रुवारी

अपिलात भर घातली. आता सेहेचाळीस पाने. मधाच्या बोटाच्या वाक्याचा समाचार परिशिष्टात घेतला आहे.

सूनबाई दुपारी म्हणाली, बाबा, एक सांगायचं होतं, आत्यांच्या प्रकरणात... म्हटले, तारखा आणि झेरॉक्स. बाकी मी आहे. ती मागच्या खोलीत गेली. दोन दिवस फार टायपिंग चालले आहे तिचे. कोणाचे तरी किरकोळ काम मिळाले असेल.

२८ फेब्रुवारी, सायंकाळी ६

अपलोड. नेहमीच्याच क्रमाने : सही, मग नाव. यंत्र किती दिवस अडून बसते तेच पाहायचे आहे. सत्याग्रह दोन्ही बाजूंनी होऊ शकतो.

धाकटीकडे जाऊन आलो. मशीन चालू होते. कोणाच्या तरी पोरीच्या फ्रॉकला झालर लावत होती. गेले आठ दिवस ती बांधाबांधीचे नावही काढत नाही. माझ्यावरचा विश्वास! म्हणाली, दादा, आता तू नको रे त्रास घेऊस. म्हटले, त्रास कसला, मी तुझा भाऊ आहे. ती काही बोलणार होती. मी आश्रयधर्मावरील नवा परिच्छेद म्हणून दाखवला. वीस मिनिटे. तिने मान खाली घालून ऐकला. टाके मात्र थांबले नाहीत.

२ मार्च

लाल फुली.

५ मार्च

लाल फुली. फाइलही मोठी झाली म्हणे. पोर्टलला सेहेचाळीस पाने पचत नाहीत. चष्मिस म्हणाला, काका, थोडं कमी करा ना, पोर्टल पण माणूसच आहे. मी विचारले, कोणत्या अंगाने?

हिला म्हटले, या घरात कोणालाच माझ्या लढ्याची कदर नाही. ही म्हणाली, अहो, तुम्हाला सांगायला गेलं तर ऐकतंय कोण? तुम्ही ऐकता तेव्हासुद्धा उत्तरच शोधत असता. या वाक्याला उत्तर होते. पण तेवढ्यात ती भाजी चिरायला गेली.

६ मार्च, सकाळी ५

स्नान. जप. चित्त स्थिर करण्याचा प्रयत्न. स्थिर झाले नाही.

उद्या शेवटचा दिवस. परवापासून मालक धाकटीला बाहेर काढू शकेल. खिडकीशी मशीन नसेल. चौतीस वर्षे मी त्या खिडकीवरून जाताना आत न पाहता खाकरत आलो, आणि ती आतून ‘दादा का?’ म्हणत आली. खाकरायचे कोठे?

गुरूंचे स्मरण केले. नियम कशासाठी होता? अहंकार खाली राहावा म्हणून. मग एका नियमाचाच एवढा अहंकार...

हे वाक्य पुरे करीत नाही. सकाळचे विचार दुपारी पटत नाहीत असा अनुभव आहे.

७ मार्च, सकाळी ९

निश्चय. भूमिकेची अकरा पाने कापली. परिशिष्टही गेले. उरली तीस. स्थगितीची मागणी पहिल्या पानावर आणली.

७ मार्च, सकाळी ११.४०

आधी देवाचे नाव टाइप केले. मग सही. एकावन्न वर्षांत प्रथम. दार लावून घेतले होते.

हिरवी खूण. हलत नाही.

कबूल करतो, आकाश कोसळले नाही. देवही काही बोलला नाही. तो बोलतो ते माझ्या मार्फत, ही समजूत तपासायला हवी. पण आज नाही.

७ मार्च, दुपारी १२.१०

अपलोड झाले. सही वैध! फाइलचा आकार योग्य! मुदत योग्य! एकेका ओळीपुढे हिरवे. मोठ्याने हाक मारली, अग ए, बघ, या म्हाताऱ्याने यंत्राचे दात पाडले! ही हात पुसत आली. सूनबाई मागच्या खोलीतून आली.

मग शेवटची ओळ आली. लाल.

७ मार्च, दुपारी १२.१५

‘या प्रकरणात आपले वकीलपत्र अस्तित्वात नाही.’

चष्मिसला फोन. त्याला म्हटले, मूर्खा, बहीण माझी, खटला माझा, तुझ्या जन्माआधीपासूनची वकिली माझी. तो रागावला नाही. याचाच मला धसका बसला. म्हणाला, काका, तुम्ही २३ तारखेलाच वकीलपत्र सोडलंय. आजवर तुमचं सहीवरच अडायचं, म्हणून ही ओळ आलीच नाही. तुमची ना-हरकत इथे माझ्यासमोर आहे. डिजिटल सही, एकदम क्लीन. तुमच्या सगळ्या कागदांत हा एकच पहिल्या फटक्यात पास झाला. मी तर साहेबांना दाखवला, म्हटलं, बघा, काकांना जमलं.

७ मार्च, दुपारी २

सरावाचा कागद.

त्यात चार ओळी. माझ्या बहिणीने नवा वकील नेमण्यास माझी हरकत नाही, कागदपत्रे मी हवाली केली आहेत, मी हे वाचून व समजून सही करीत आहे. आज वाचला. भाषा शुद्ध आहे.

सूनबाई म्हणाली, बाबा, मी तीनदा सांगितलं. तीनदा नाही, चारदा. मागची पाने उलटून पाहिली. सगळे माझ्याच अक्षरात.

अपील तिने २७ फेब्रुवारीला दाखल केले. सहा पाने. परवा स्थगिती मिळाली. धाकटीला आता अपिलाचा निकाल लागेपर्यंत कोणी हलवू शकत नाही. परवा सगळ्यांना कळले होते. मला सांगायचे कोणी, यावर घरात मतभेद होते म्हणे. हिने सांगावे असे ठरले. म्हणजे भाजी चिरायला गेली ती त्यातूनच.

मधाच्या बोटाचा फोन आला. आवाजात मध नव्हता. म्हणाला, सर, तुम्हीच असतात तर बरं झालं असतं.

स्तुती नव्हती. कधीच नव्हती.

८ मार्च, सकाळी १०

धाकटीकडे गेलो. खिडकीशी पोहोचलो, पण खाकरलो नाही. तरी आतून हाक आली, दादा का? पावलांचा आवाज येतो म्हणे. चौतीस वर्षे उगाच खाकरलो.

रागावलो होतो. बोलायचे सगळे मनात रचून नेले होते, सुमारे चाळीस मिनिटांचे. ती म्हणाली, बैस. मशीनवरून उठली नाही. म्हणाली, दादा, तुझ्याकडून काढून घेतलं म्हणून मला रडू आलं. पण घर गेलं असतं तर तू काय केलं असतंस, सांग? माझ्याजवळ बसून आश्रयावर बोलला असतास.

उत्तर शोधले. नव्हते.

तिने सूनबाईच्या अपिलाची प्रत दाखवली. साधी वाक्ये. विशेषणे जवळपास नाहीत. मला त्यात दोन ठिकाणी सुधारणा सुचल्या. पण सही झाली आहे. आता ठिपकाही टाकता येत नाही.

पहिल्या पानाच्या माथ्यावर देवाचे नाव. धाकटीने आग्रहाने घालायला लावले म्हणे. आधी नाव, मग सही.

८ मार्च, सायंकाळी ५

सूनबाई म्हणाली, बाबा, एकोणीस तारखेला सुनावणी आहे, तुम्ही याल का? मागच्या बाकावर बसा, मला बरं वाटेल.

म्हटले, पाहू.

तिने तारीख माझ्या वहीत लिहून दिली. निकालाच्या झेरॉक्स मी आणायच्या आहेत. दोन प्रती, पाठपोट.